सपाट रस्ता, खारा वारा: बोरिवली ते केळवे, तंबूसह एक दिवस

प्रश्न असा आहे. बोरिवलीच्या एक ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ दर रविवारी 40 किलोमीटर सायकल चालवतात. सायकली साध्या हायब्रिड. डिसेंबरात एका रात्रीसाठी सायकलवर तंबू बांधून बाहेर पडायचं आहे आणि घाट नको आहे. त्यांनी विचारलंय, "केळवे-डहाणूकडचा पट्टा सपाट आहे, मग पहिल्याच दिवशी 120 किलोमीटर जमायला हरकत नाही ना? आणि तंबू थेट किनाऱ्यावर टाकला तर चालेल का?"

ताई, 120 नको, केळव्यापर्यंतचे 70 करा. तंबू वाळूवर नको, वाडीत टाका. दोन्हींमागची कारणं नीट सांगतो, कारण या पट्ट्यात मी वीसहून जास्त हिवाळे सायकल चालवतोय आणि नव्या मंडळींचा बेत कोलमडताना पाहिलाय तो बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी.

घाट चढताना दम लागतो, पण माथ्यावर पोहोचलं की उतार मिळतो. पाय थांबतात, पाठ सरळ होते, सीटवरचा भार हलतो. सपाटीवर तुम्ही पायडल थांबवलं की सायकल थांबायला लागते. मिनिटाला 75 फेरे धरले तर पाच तासांत 22,500 फेरे होतात, आणि ते सगळे एकाच जागी बसून, एकाच कोनातून. रविवारच्या 40 किलोमीटरांत हे जाणवत नाही, कारण दोन-अडीच तासांत तुम्ही घरी असता. पन्नास किलोमीटर ओलांडले की मांड्यांच्या आधी ढुंगण, तळवे आणि मान बोलायला लागतात. त्यात सायकलवर दहा-बारा किलो सामान असेल तर तुमचा वेग ताशी 15-16 वर येतो, आणि चहा, पाणी, होडीची वाट, रस्ता विचारणं हे सगळं धरलं की दिवसाची सरासरी ताशी 10च्या आसपास पडते. या हिशेबाने 120 किलोमीटर म्हणजे बारा तास. डिसेंबरात आपल्याकडे उजेडच साधारण अकरा तास असतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सपाटीवरचा खरा घाट तोच. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे अंगावर येतात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तो मतलई, आणि हिवाळ्यात तो अगदी मंद असतो. ऊन वाढलं की जमीन तापते, वरची हवा उठते आणि समुद्रावरची हवा आत घुसते. तो खारा वारा. हिवाळ्यात तो अकरा-बाराच्या सुमारास सुरू होतो, दोन ते चारच्या दरम्यान जोरावर असतो आणि सूर्य कलला की ओसरतो. आता मुद्द्याचं: आपल्या किनाऱ्यावर कोरड्या महिन्यांत हा दुपारचा वारा वायव्येकडून येतो. तुम्ही निघालात उत्तरेला. म्हणजे दुपारभर तो डाव्या गालावर आणि छातीवर.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हवा थांबलेली असताना तुम्ही ताशी 16ने जाताय आणि समोरून ताशी 16चा वारा सुटला, तर तोच वेग ठेवायला हवेचा रोध चौपट. सामानाच्या फुगलेल्या पिशव्या आणखी हवा अडवतात. नवा माणूस अशा वेळी जिद्दीने जड गियर लावून दाबत राहतो आणि संध्याकाळी गुडघा धरून बसतो. वारा समोर आला की गियर हलका करा, वेग 11-12वर येऊ द्या, हात वाकवून अंग खाली घ्या आणि दोघांनी आलटून पालटून पुढे राहा. मागचा माणूस पुढच्याच्या मागच्या चाकापासून एखाद-दोन हात अंतर ठेवून चालला तर त्याचे कष्ट चांगलेच कमी होतात. दर दहा मिनिटांनी बदला. भाऊ धाकटा आहे, जोरात असेल, तरी त्याला सतत पुढे राहू देऊ नका.

म्हणून या पट्ट्यात दिवसाची आखणी घड्याळावर करायची, किलोमीटरवर नाही. बारापर्यंत दिवसाचं बहुतेक अंतर मागे टाकायचं, बारा ते साडेतीन सावलीत, आणि शेवटचा छोटा तुकडा वारा मऊ झाल्यावर. अंधार पडायच्या आत तंबू उभा.

रस्ता मी असा सुचवेन. अहमदाबाद हायवेने जाऊ नका. अंतर कमी वाटतं, पण ट्रकांच्या हवेचा झोत भरलेल्या सायकलला हलवतो, आणि वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या आसपास पहाटेसुद्धा श्वास घ्यायला जागा नसते. त्याऐवजी पाण्याने जा. तुमच्या दिवसात तीन खाड्या येतात, आणि तिन्ही ओलांडताना पायांना फुकटची विश्रांती मिळते.

पहिली गोराईची. बोरिवलीहून धक्क्यावर पहाटे साडेपाचच्या सुमारास पोहोचा. होडीत सायकल चढते, दुचाकीही चढतात. ओहोटीला धक्का आणि होडी यांच्या उंचीत फरक पडतो, तेव्हा पिशव्या काढून आधी त्या द्या आणि मग सायकल. पलीकडे गोराईहून उत्तनमार्गे भाईंदर साधारण 17 किलोमीटर. हा पहाटेचा तुकडा मला सगळ्यात आवडतो. उत्तनला बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत टाकलेले असतात, चर्चच्या घंटा वाजत असतात आणि रस्त्यावर कोळणींच्या पाट्या घेऊन निघालेले टेम्पो सोडले तर कोणी नसतं. या वेळी कुत्री मात्र जागी असतात. अंगावर आली तर जोरात पळू नका. वेग कमी करा, गरज पडली तर उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, साध्या आवाजात हाकला. ती चाकामागे लागतात, उभ्या माणसाशी त्यांचं काही भांडण नसतं.

भाईंदरच्या आधी मिठागरं लागतात. तिथे बांधाच्या कडेने वेड्या बाभळीचे काटे पसरलेले असतात. फोटोसाठी कच्च्यात सायकल घालू नका, या प्रवासातली माझी निम्मी पंक्चरं तिथली आहेत.

दुसरी खाडी वसईची. भाईंदर-वसई रो-रो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी बोट, फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली आणि सायकलवाल्यांचं नशीब उघडलं. रस्त्याने तीसेक किलोमीटरांहून जास्त पडणारा वळसा पाण्यावरून चारेक किलोमीटरांत संपतो. बोट वसईच्या किल्ल्याजवळ लावते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतलेला तो हाच किल्ला. आत जायचं असेल तर परतीच्या दिवशी जा, सकाळचा गार तास किल्ल्यावर घालवू नका. बोटीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आदल्या दिवशी पाहून घ्या आणि सगळी आखणी त्यांच्याभोवती करा.

वसईत भरपेट नाश्ता करा. पोहे, उसळ-पाव, दोन अंडी, जे मिळेल ते. पुढे वसई ते विरारची जेट्टी 18-20 किलोमीटर, आणि हा भाग मुख्य रस्ता सोडून निर्मळ, आगाशीच्या बाजूने काढा. विहिरी, केळीच्या बागा, फुलांचे मळे, जुनी कौलारू घरं. आगाशीचं भुजिंग, म्हणजे पोह्यांत घातलेली भाजकी कोंबडी, सगळ्यांना माहीत आहे, पण ते सायकल चालवताना खायचं खाणं नाही, तिखट आणि जड पडतं. इथे घ्यायची ती सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि पानात बांधून विकतात. महाग असतात आणि सगळीकडे मिळत नाहीत, पण मिळाली तर पावशेर घ्या. एक सुकेळं तोंडात ठेवलं की वीस मिनिटं पाय चालतात, पिशवीत वितळत नाही, चिकट कागद टाकायची कटकट नाही. दुकानातल्या कुठल्याही एनर्जी बारच्या बदल्यात मी सुकेळं घेईन.

तिसरी खाडी वैतरणेची. विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडे जलसारला 2025 पासून रो-रो सुरू झाली. पाण्याचं अंतर दीडेक किलोमीटर, रस्त्याने गेलं तर साठेक. माझ्या तरुणपणी इथे साध्या होडीत सायकल आडवी टाकून जायचो, हँडल धरून बसायचो. आता सायकल उभीच्या उभी चढते. वेळ साधला तर तुम्ही साडेदहा-पावणेअकराला जलसारला असाल आणि दिवसाचं साठ टक्के अंतर मागे पडलेलं असेल.

इथून मुंबई खरोखर संपते. भात कापून झालेली खाचरं, मधे मधे हिरवे वालाचे तुकडे, ताडाची झाडं, आणि उजव्या हाताला तांदुळवाडीचा डोंगर, तो सोडला तर क्षितिजापर्यंत उंचवटा नाही. याच डोंगराजवळून सफाळ्याहून हायवेकडे घाट जातो. तो आपला रस्ता नव्हे. मोबाईलचा नकाशा कधी कधी तिकडून फिरवतो, तेव्हा वळण्याआधी कोणाला तरी विचारा. आपण पश्चिमेच्या अंगाने राहायचं.

सफाळ्याच्या आसपास बारा वाजता थांबा, आणि थांबा म्हणजे खरंच थांबा. बूट-मोजे काढा, देवळाच्या ओसरीत किंवा आंब्याखाली चटई टाका, अर्धा तास झोपा. पुढे पंधराएक किलोमीटरच उरलेत, आताच मारून टाकू, असा मोह होईल. नेमकं तेव्हाच खारा वारा चढत असतो आणि डोक्यावर ऊन असतं. तेच अंतर साडेतीन-चारला सुरू केलं तर सव्वा तासात हसत होतं. दुपारचं जेवण हलकं ठेवा: वरण-भात, ताक, तांदळाची भाकरी. मासळीचं ताट रात्रीसाठी राखून ठेवा. रस्त्याकडेला ताडी मिळेल, तिला दुपारी हात लावू नका. नीरा प्यायची असेल तर ती पहाटेची, आंबायच्या आतली.

पाण्याबद्दल. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून किती पाणी गेलं ते कळत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्या, तहान लागायची वाट न पाहता. प्रत्येकाकडे तीन लिटर मावेल एवढी सोय हवी. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ, किंवा ओआरएसची पुडी. किनाऱ्याच्या काही गावांत विहिरीचं पाणी मचूळ असतं. "गोडं पाणी कुठे मिळेल?" असं विचारलं की लोक बरोबर विहीर दाखवतात. लघवीचा रंग गडद झाला किंवा चार तासांत लघवीला जावंसंच वाटलं नाही, तर सावलीत बसून अर्धा लिटर हळूहळू प्यायचं आणि मगच पुढे.

आता बसण्याविषयी, कारण सपाटीवर दुखणं इथून सुरू होतं. सीटची उंची अशी हवी की टाच पायडलवर ठेवून पाय पूर्ण खाली नेला तर गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. बहुतेकांची सीट खाली असते, आणि 40 किलोमीटरांपर्यंत गुडघा ते माफ करतो. दर पंधरा मिनिटांनी वीस-तीस फेरे उभ्याने मारा. घड्याळाचा गजर लावा, नाहीतर विसरता. उतार तुम्हाला जी मोकळीक देतो ती सपाटीवर अशी मागून घ्यावी लागते. हातांची जागा बदलत राहा. करंगळी बधिर व्हायला लागली की तळव्यावर भार जास्त पडतोय असं समजा, सीटचं नाक किंचितही खाली झुकलेलं असेल तर ते आडव्या पातळीत आणा. पॅडची चड्डी घालत असाल तर आत दुसरी चड्डी नको, तिच्याच शिवणीने कातडी सोलते. जांघेत निघण्याआधीच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा.

सामान बांधायचं कसं हे शिकायचं असेल तर दूधवाल्याची सायकल बघा. किटल्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली, सारख्या वजनाच्या. उंच काही नाही, लोंबतं काही नाही. पॅनिअर पिशव्या हेच करतात. जड वस्तू तळाला आणि चाकाच्या आसाजवळ, दोन्ही बाजू हाताने उचलून तोलून बघायच्या. तंबू कॅरिअरवर आडवा. पाठीवर सॅक अजिबात नको. सपाटीवर तुम्ही तासन् तास त्याच अंगाने बसता, सॅकचं वजन थेट सीटच्या हाडांवर येतं आणि पाठीचा घाम सुकायला जागा राहत नाही. दोघांचं मिळून एक तंबू, दोन-अडीच किलोचा. भावाकडे तंबू आणि खुंट्या, तुमच्याकडे भांडं, खाणं, औजारं. माणशी बारा किलोच्या वर गेलात तर पुन्हा उघडा आणि काढा. निघायच्या आदल्या रविवारी हेच सगळं बांधून तुमचे नेहमीचे 40 किलोमीटर करा. काय सैल होतं, काय टाचेला लागतं, ते घराजवळच कळेल.

टायर 35 मिलिमीटरच्या आसपासचे असतील तर उत्तम. भरलेल्या सायकलला मागच्या चाकात 60 पीएसआयच्या जवळपास हवा, पुढच्यात थोडी कमी, आणि टायरच्या कडेला छापलेली मर्यादा ओलांडायची नाही. माणशी दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, एलन कीचा संच, एक पान्हा, ब्रेकची एक तार. गावात सायकलचं दुकान सापडतं, कारागीरही तयार असतात, पण तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असेल तर त्यांचा पंप बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दोन्ही सायकलींना हवेत, कारण तुमचा पहिला तास अंधारातला आहे.

आता तंबू.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दोन मित्रांबरोबर केळव्याच्या उत्तरेला किनाऱ्यावर मुक्काम केला. पौर्णिमेची रात्र, चांदणं पडलेलं, वाळू कोरडी. सुरूच्या झाडांच्या बऱ्याच पुढे तंबू टाकला आणि साडेनऊला झोपलो. अकराच्या पुढे पाठीला गार लागलं. तंबूखाली पाणी होतं आणि एक बूट आधीच गेला होता. आम्ही सायकली ओढत वर आलो, तेव्हा जाळं बघायला उठलेले एक म्हातारे कोळी बाबा बॅटरी घेऊन आले. त्यांनी आम्हाला ओटा दिला, गोधड्या दिल्या, आणि सकाळी चहा देताना विचारलं, "पुनवेला पाणी किती वाजता भरतं, ठाऊक नाही तुम्हाला?" मग तिथीचा पाऊणपट हिशेब शिकवला. तो मी त्यानंतर एकदाही विसरलो नाही.

हिशेब सोपा आहे. त्या दिवशीच्या तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आखणीला पुरतो. आणि वेळेइतकीच उंचीही महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. केळव्यापासून डहाणूपर्यंतचे किनारे फार उतरते नाहीत, जवळजवळ आडवे आहेत. म्हणून पाणी थोडंसं वर चढलं तरी आडवं खूप आत येतं. तुम्हाला जी वाळू कोरडी आणि सुरक्षित वाटते ती आदल्या उधाणाने धुतलेली असू शकते.

म्हणून तंबू वाडीत. केळवे आणि शेजारच्या (पालघरकडच्या) माहीमच्या बाजूला पानवेलीच्या, नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, आणि बऱ्याच घरांत पर्यटकांच्या जेवणाची सोय असते. चार-पाचच्या दरम्यान उजेडात पोहोचलात की एखाद्या घरी सरळ विचारा: "काकू, आम्ही दोघं भाऊ-बहीण सायकलवर मुंबईहून आलोय. रात्रीपुरता अंगणात तंबू टाकला तर चालेल का? जेवण तुमच्याकडेच करू." जेवण आधी ठरवलं की जागा सहसा मिळतेच, आणि न्हाणीघरही मिळतं. पैसे आधी विचारा, त्यांनी नको म्हटलं तरी सकाळी काहीतरी द्या. कोणी नाही म्हटलं तर घासाघीस न करता पुढे जा. कुठेच जमलं नाही तर गावच्या पोलीस पाटलांचं घर विचारा. ते शाळेची पडवी किंवा देवळाचं आवार सुचवतात, आणि तुम्ही गावात आहात हे एका जबाबदार माणसाला माहीत राहतं. बाईमाणूस बरोबर असताना मी हे प्रत्येक वेळी करतो, मुक्कामाची जागा मिळाली असली तरीसुद्धा. दुसऱ्याच्या बागेत, वनखात्याच्या जागेत किंवा सुरूच्या बनात न विचारता तंबू टाकू नका. सुरूच्या वाळक्या सुयांवर स्टोव्ह पेटवणं तर धोक्याचंच.

वाडीत जागा निवडताना वर बघा. नारळाच्या झाडाखाली तंबू नको, झावळी आणि नारळ दोन्ही रात्री पडतात. मग खाली बघा. शिंपण्याच्या पाटाची वाट सोडा, काही वाड्यांत पहाटे पाणी सोडतात. तंबूचं दार पूर्वेला ठेवा, म्हणजे रात्री उरलेला समुद्रावरचा वारा पाठीवर राहतो आणि सकाळी ऊन आत येऊन तंबू लवकर वाळतो. पाऊस नसला तरी वरचं कापड लावाच. डिसेंबरात इथे दव इतकं पडतं की सकाळी ते पिळून काढावं लागतं. मात्र दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर तुमच्याच श्वासाची वाफ आतून थेंबाथेंबाने टपकते. जाड स्लीपिंग बॅग लागत नाही. एक चादर, एक पातळ गोधडी आणि खाली फोमची चटई पुरते. खालचा थर वगळू नका, वाडीची जमीन पहाटे ओल धरते आणि कंबर आखडते.

झोपण्याआधी दहा मिनिटं सायकलला द्या. खाऱ्या हवेने आणि बारीक वाळूने चेन एका रात्रीत तांबूस होते. कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, चेन फिरवून जास्तीचं पुसून काढा. चाक फिरवून टायरमध्ये काटा अडकलाय का ते बोटाने तपासा. आज अर्धवट घुसलेला काटा उद्या वसईच्या भर उन्हात ट्यूब फोडतो. मांड्या आणि पोटऱ्या ताणून घ्या, पाय भिंतीला टेकवून पाच मिनिटं उताणं पडा.

दुसऱ्या दिवसाचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडक्यात सांगतो. परत दक्षिणेला यायचं असेल तर दुपारचा तोच वारा आता पाठीला लागतो. त्यामुळे सकाळी घाई नको, केळव्याच्या शितलादेवीचं दर्शन घ्या, नाश्ता करा आणि आरामात निघा. पुढे उत्तरेला बोर्डीपर्यंत जायचं असेल तर साठेक किलोमीटर धरा. पालघर-बोईसरचा कारखान्यांचा भाग लवकर उरका, कारण तिथे जड वाहनं असतात. चिंचणीनंतर रस्ता पुन्हा मोकळा होतो, आणि डहाणू ते बोर्डी हा सुरू आणि चिकूच्या बागांमधला तुकडा सगळ्या प्रवासाचं सोनं आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो बागेबाहेर टोपलीतून घ्या, पिकलेला, आणि तिथेच खा. परतीला डहाणूहून लोकल आहे, 2013 पासून. सायकल घेऊन लगेजच्या डब्यातून यायचं असेल तर गाडीच्या वेळेआधी तिकीटखिडकीवर नियम आणि भाडं विचारून घ्या, आणि सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळा. त्या डब्यात भाजीवाल्या आणि मासळीवाल्या रोजच्या पोटापाण्यासाठी येतात, जागेवर पहिला हक्क त्यांचा.

तारीख ठरवायची राहिली. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि डिसेंबरातली शुद्ध अष्टमी किंवा नवमी शनिवारच्या आसपास येते का बघा. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे गोराईला तुम्ही होडीत बसाल तेव्हा भरती असेल आणि सायकल चढवायला सोपं जाईल. संध्याकाळी तंबू उभा करून किनाऱ्यावर जाल तेव्हा पाणी पुन्हा पूर्ण भरलेलं असेल, भांगाचं, शांत, आणि ते कुठपर्यंत येतं हे उजेडातच डोळ्यांनी दिसेल. चंद्र तेव्हा डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत राहतो. जेवून वाडीत परतताना बॅटरी लावावी लागणार नाही.